बारा उजवे हात

सोमवारी सकाळी बारा हात परत आले. सगळे उजवे.

खोकं उघडलं तेव्हा ते बोटं वर करून असे उभे होते, जणू वर्गात प्रश्न विचारलाय आणि बाराच्या बारा पोरांना उत्तर येतंय. आमच्या कारखान्यात असल्या दृश्याने कोणी दचकत नाही. आम्ही वैद्यकीय कॉलेजांसाठी शरीराचे नमुने बनवतो. माझ्या टेबलावर रोज दोन मूत्रपिंडं, अर्धी कवटी आणि माझा जेवणाचा डबा असतो, आणि नोकरीच्या तीन वर्षांत मी चुकीचं झाकण फक्त एकदाच उघडलंय.

दचकवलं ते सोबतच्या पत्राने. मालकीणबाईंनी ते आधी उभ्याने वाचलं, मग बसून वाचलं, मग आम्हा सगळ्यांना बोलावून मोठ्याने वाचलं. लिहिणाऱ्या होत्या कॉलेजात शरीररचना शिकवणाऱ्या मॅडम.

‘आपण पाठवलेल्या चोवीस हातांपैकी बारा डावे निर्दोष आहेत. बाराही उजव्या हातांत मात्र करंगळीकडे जाणारी नस कोपराच्या मागून न जाता पुढून गेली आहे. परिणामी परीक्षेत अर्ध्या वर्गाने ती मागे दाखवली व अर्ध्याने पुढे, आणि एका विद्यार्थ्याने भांडण नको म्हणून दोन्हीकडे. शनिवारी मी स्वतः येत आहे. हे ज्याने रंगवले त्याला हजर ठेवावे.’

ही नस सगळ्यांच्या ओळखीची आहे, फक्त नावाने नाही. पुस्तकात तिला अल्नर नर्व्ह म्हणतात, आम्ही करंगळीची नस म्हणतो. कोपर दाराला आपटलं की करंगळीपर्यंत जो करंट जातो आणि माणूस एकाच वेळी हसतो, रडतो आणि दाराला शिव्या घालतो, ते हिचंच काम. कोपराच्या आतल्या अंगाला हाडाचा एक उंचवटा असतो. त्याच्या मागच्या अरुंद खाचेतून ही नस खाली उतरते. तिथे तिच्यावर ना मांस ना चरबी, नुसती कातडी. एवढी महत्त्वाची वायर इतकी उघडी सोडणाऱ्याला त्या दिवशी घरी जायची घाई असावी.

“वाचा आणि परत द्या,” बाई म्हणाल्या, आणि पत्र एकेकाच्या हातात देऊन ओढून परत घेत गेल्या. साचेवाल्याने वाचलं. मी वाचलं. मामाने वाचलं.

मामा म्हणजे माझा सख्खा मामा. कारखान्यात धमन्या लाल, शिरा निळ्या आणि नसा पिवळ्या असतात. लाल-निळं माझ्याकडे, आणि पिवळं तीस वर्षं मामाकडे. बाईंनी त्याच्या हातातून पत्र ओढलं तेव्हा ते सहज सुटलं नाही. मामाने अंगठा आणि पहिलं बोट यांच्या चिमटीत ते धरून ठेवलं होतं, आणि त्याच्या अंगठ्याचं टोक आकड्यासारखं वाकलं होतं. कोपरा फाटून त्याच्या चिमटीत राहिला.

मी मनात नोंद केली. मामाला ते पत्र सोडायचं नव्हतं.

“पिवळी डबी कोणी कोणी हाताळली?” बाईंनी विचारलं.

सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. त्याला इतिहास आहे. दोन वर्षांपूर्वी मी एका फुफ्फुसाच्या आतल्या बाजूला बारीक अक्षरात ‘धूम्रपान निषिद्ध’ लिहिलं होतं. ते फुफ्फुस नेमकं एका पाहुण्या डॉक्टरांच्या भाषणात उघडलं गेलं. तेव्हापासून कारखान्यात माझं नाव फुफ्फुस.

“मी या वेळी मामाला मदत केली,” मी म्हणालो, “पण फक्त बोटांपासून मनगटापर्यंत. कोपर माझं नाही. हवं तर मामाला विचारा.”

बाईंनी मामाकडे बघितलं. मामाने छताकडे बघितलं. छतावर काही नव्हतं, मी पण बघितलं.

“शनिवारी मॅडम येतील तेव्हा मला एक माणूस दाखवायचाय,” बाई म्हणाल्या. “दुसरा सापडला तर ठीक. नाहीतर फुफ्फुसा, तू. आणि त्यानंतर दुसरीकडे काम बघ.” मग त्यांचा फोन वाजला. नेहमीप्रमाणे उजवं कोपर टेबलावर रोवून, फोन कानाला लावून त्या बोलत बसल्या, आणि आम्ही बाहेर पडलो.

पाच दिवस होते. मला नोकरी हवी होती. माझ्या शिक्षणात बसणारं हे एकच काम आहे, कारण माझं शिक्षण अर्धवट आहे आणि आमचे बरेचसे नमुनेही.

पहिला संशय मी साचेवाल्यावर घेतला. तो हातांचे साचे ओततो, त्याच्या भुवयांवर कायम पांढरी भुकटी असते, आणि त्याचा मेहुणा दोन वर्षं बेकार आहे. शिवाय जुन्या हातांवर नसेसाठी खाच असायची आणि यंदाच्या नव्या साच्यात ती नव्हती.

“खाच कुठे गेली?” मी विचारलं.

“नवीन रबर खाच धरत नाही. आधी तुझ्या मामाने डोळे मिटून रंग ओतला असता तरी नस आपोआप जागेवर जायची. आता डोकं लागतं.”

“म्हणजे तुझ्यामुळे—”

“अरे, खाच डाव्याला पण नाही आणि उजव्याला पण नाही. माझ्याकडे पक्षपात नसतो.” त्याने भुवया झटकल्या. “तू असा विचार कर की उजव्या हाताशी वैर कोणाचं? आणि तुला जावं लागलं तर सांग बरं का. आमचा मेहुणा रंगवतो चांगलं.”

“काय रंगवतो?”

“सध्या काही नाही. म्हणून तर.”

उजव्या हाताशी वैर. मी टेबलावर बसून मामाला काम करताना बघू लागलो. मामा नस रंगवतो त्याला आमच्याकडे एक रीत आहे. मामाच्या आधी पिवळ्या टेबलावर जुने मास्तर होते, त्यांनी ती घालून दिली. तक्ता बघायचा नाही. तक्ता छापणारा झोपेत असू शकतो. आपलाच हात वाकवायचा, कोपराच्या आतल्या अंगाला बोटाने टकटक करायचं, करंगळीत मुंग्या आल्या की नस सापडली, आणि जिथे सापडली तिथेच रंगवायची. डाव्या नमुन्याला डावा हात विचारायचा, उजव्याला उजवा. ‘डोळा चुकेल, हात चुकेल, नस खोटं बोलत नाही,’ असं मास्तर म्हणायचे. मग एके वर्षी त्यांचा हात थरथरायला लागला. बाईंच्या वडिलांनी त्यांना एक भिंतीवरचं घड्याळ भेट दिलं आणि घरी पाठवलं. घड्याळ घरी गेल्यावर बंद निघालं. तेव्हापासून केबिनमधल्या कपाटावर पुढच्या माणसासाठी एक घड्याळ खोक्यात तयार असतं. त्या खोक्याकडे कोणी बघत नाही, आणि ते कुठे आहे हे सगळ्यांना माहीत असतं.

मंगळवारी जेवणाच्या सुट्टीत मामा टेबलावर नव्हता. माल ठेवायच्या खोलीतून खर्र खर्र आवाज येत होता. मी दाराच्या फटीतून बघितलं. मामा एका जुन्या, पाच वर्षांपूर्वीच्या चांगल्या हातावरची पिवळी नस पातीने खरवडून काढत होता. शेजारी तीन हात आधीच खरवडून ठेवले होते.

चारही उजवे.

मी ओरडलो नाही. सख्खा मामा आहे. मी फक्त दार जोरात लावलं आणि पळालो, म्हणजे त्याला कळावं की कोणीतरी बघितलं, आणि मला कळू नये की त्याला कळलं.

मी मामा-मामीकडेच राहतो. त्या संध्याकाळी पहिल्यांदा मी त्या घराकडे परक्यासारखं बघितलं, आणि बघावं तिथे खोट दिसायला लागली. एवढ्या उकाड्यात मामा पूर्ण बाह्यांचा शर्ट घालून बसला होता. चहाचा कप दोन्ही हातांत धरून पीत होता, जणू कोणी हिसकावून नेईल. दाराला किल्ली मामी फिरवायची. सकाळी शर्टाची बटणंही मामीच लावून द्यायची. लग्नाला अठ्ठावीस वर्षं झाल्यावर कोण कोणाची बटणं लावतं? मी खोलीत आलो की दोघं बोलायचं थांबायची. चोराच्या मनात चांदणं म्हणतात. आमच्या घरात त्या आठवड्यात एवढं चांदणं होतं की दिवा लावायची गरज नव्हती.

आणि मला आठवलं की चार महिन्यांपूर्वी दोघं तीन आठवडे मामीच्या बहिणीकडे गेली होती. परत आल्यापासूनच हे सगळं सुरू होतं. मी गॅलरीत जाऊन मामीच्या बहिणीला फोन लावला.

“मावशी, मामा-मामी तुमच्याकडे आले होते ना, तेव्हा माझी छत्री तिथे राहिली का?”

“कोण आले होते?” पलीकडून आवाज आला. “तीन वर्षांत तोंड दाखवलं नाही दोघांनी. त्यांना सांग, बहीण अजून जिवंत आहे. आणि कसली छत्री?”

मी फोन ठेवला. माझी छत्री समोर खुंटीला होती.

बुधवारी मामा तासभर आधी निघतो, हे सगळ्या कारखान्याला माहीत होतं. ‘दाताचं काम’ असं सांगायचा. चार महिने दर बुधवारी दाताचं काम. माणसाला दात बत्तीसच असतात. मी त्याच्या मागे निघालो. माझी खात्री झाली होती की हा दुसऱ्या कारखान्याला जाऊन मिळालाय, आमचे हात बिघडवतोय आणि खापर माझ्यावर फुटू देतोय. पाठलाग मी आधी कधी केला नव्हता. चार दुकानांच्या काचेत मी स्वतःकडेच संशयाने बघून घेतलं. मामा एका तीन मजली इमारतीत शिरला आणि दुसऱ्या मजल्यावर गेला. मी दोन मिनिटं थांबलो आणि दार ढकललं.

आत मामा एका छोट्या टेबलाशी बसला होता. समोर कणकेसारख्या मऊ हिरव्या गोळ्यात मणी लपवले होते आणि तो ते उजव्या हाताने एकेक करून वेचून काढत होता. शेजारी पांढऱ्या कोटातली एक मुलगी घड्याळ लावून बसली होती. मामाची बाही वर होती. कोपराच्या आतल्या अंगाला वीतभर लांब, वाकडा, अजून गुलाबी असलेला व्रण.

“कोणासाठी काम करतोस?” मी विचारलं. वाक्य तयार करून आणलं होतं, वाया घालवणं जिवावर आलं.

“या बाईंसाठी,” मामा मणी शोधत म्हणाला. “पगार उलटा मीच देतो.”

“मामा, मी काल तुला खरवडताना बघितलंय.”

मामाच्या हातून मणी निसटला. त्याने आधी दाराकडे बघितलं, मग त्या मुलीकडे, मग आवाज खाली आणला. “बस. कोणाला बोलू नकोस. मी तीस वर्षं चूक रंगवत आलोय.”

मग त्याने जे सांगितलं ते मी जसंच्या तसं देतो. दोन वर्षांपासून त्याची करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट बधिर होत होतं. आधी सकाळी, मग दिवसभर. मग ब्रश हातातून गळायला लागला. मास्तरांचं घड्याळ डोळ्यांसमोर आलं, म्हणून त्याने कोणाला सांगितलं नाही, फक्त मामीला. गुपचूप ऑपरेशन केलं. परत कामावर आला. पहिल्या उजव्या नमुन्याला बसला, रीतीप्रमाणे आपल्या उजव्या कोपरामागे टकटक केलं, तर काही नाही. चाचपत चाचपत बोट पुढे आणलं आणि उंचवट्याच्या पुढच्या बाजूला करंगळीत मुंग्या आल्या.

“मग मला कळलं,” मामा म्हणाला. “उजव्या हातात ती पुढूनच जाते. इतकी वर्षं टकटक नावापुरती करून, साच्यातल्या खाचेवर विसंबून मी आंधळेपणाने मागून काढत होतो. नवीन साच्यात खाच नाही, म्हणून पहिल्यांदा नीट विचारलं, आणि हाताने खरं ते सांगितलं.”

“आणि डाव्यात?”

“डाव्यात मागूनच. मी तपासलं.”

“एका हातात पुढून आणि एका हातात मागून?”

“हृदय नाही का एकीकडे?” मामा म्हणाला. “यकृत नाही का एकीकडे? तेव्हा कोणी काही म्हणत नाही.” त्याने कपाळ पुसलं. “तीस वर्षांत किती डॉक्टर माझे हात बघून शिकले असतील रे. कुठे कुठे सुऱ्या घातल्या असतील. रात्री झोप येत नाही. जमेल तेवढे जुने दुरुस्त करतोय.”

मी माझ्या उजव्या कोपरावर टकटक केलं. नस मागेच होती. तसं मी त्याला सांगितलं.

“तुझं अजून वय नाही,” मामा म्हणाला.

“काका,” पांढऱ्या कोटातल्या मुलीने घड्याळ बंद केलं, “तुमची नस पुढे आहे कारण डॉक्टरांनी ती उचलून पुढे ठेवलीय. तेच तर ऑपरेशन. तुम्ही सगळा जन्म कोपर टेबलावर टेकून, हात वाकवून बसलात. टेकलं की नस खाली चेपायची, वाकवलं की ताणली जायची. मागची जागा धोक्याची, म्हणून तिचं बिऱ्हाड पुढे हलवलं. तुम्हाला हे कोणी सांगितलं नाही?”

मामा हिरवा गोळा चिवडत राहिला.

“सांगत होते,” तो शेवटी म्हणाला. “मी म्हटलं, डॉक्टर, तीस वर्षं मी नसा रंगवतोय. मला नका शिकवू.”

“आणि त्यांनी?”

“त्यांनी हात जोडले. कोपरापासून.”

मुलगी खिडकीबाहेर बघत राहिली. तिचे खांदे हलत होते. मामाने गोळ्यातून एक मणी काढला, टेबलावर ठेवला आणि माझ्याकडे वळला. “म्हणजे ती तीस वर्षं बरोबर होती?”

“बरोबर होती.”

“आणि हे चार महिने?”

“चूक.”

“मग वाईट नाही,” मामा म्हणाला, आणि त्याचे डोळे भरून आले. मी व्रणाकडे बघितलं, कारण डोळ्यांकडे बघणं अवघड होतं.

जिना उतरताना मी मुद्द्यावर आलो. बाईंना खरं सांगितलं तर मामाला घड्याळ. नाही सांगितलं तर मला तेवढंसुद्धा नाही.

“शनिवारचं मी बघतो,” मामा म्हणाला. “तू तोंड उघडायचं नाही.”

“काय बघतोस?”

“बघतो.”

या एका शब्दावर मी दोन दिवस काढले. ‘बघतो’ म्हणणाऱ्या माणसांनी आजवर काय काय बघितलंय याचा विचार केला आणि मला धीर आला नाही. गुरुवारी मामा माझ्याशी बोलला नाही. शुक्रवारी दुपारी तो बाईंच्या केबिनमध्ये गेला आणि दहा मिनिटं बाहेर आला नाही. काचेतून दिसलं की बाईंनी मान हलवली, मामाने हाताने काहीतरी गोल दाखवलं, आणि मग दोघांनी वळून माझ्या टेबलाकडे बघितलं. मी एका हृदयाच्या मागे लपलो. ते हृदय दाखवायचं मोठं होतं, चौपट आकाराचं, नाहीतर जमलं नसतं.

बाहेर येऊन मामा मुकाट्याने पिवळ्या टेबलावर बसला.

संध्याकाळी मामीने न मागता दुसरा कप चहा दिला. मग तिने माझा शर्ट इस्त्री केला. तीन वर्षांत पहिल्यांदा. तेव्हा मी समजलो की माझा बळी ठरलाय.

“मामी, उद्या काय आहे?”

“कुठे काय?”

“मग इस्त्री?”

“कामावर जाताना माणसाने बरं दिसावं,” मामी म्हणाली, आणि मामाचाही शर्ट इस्त्रीला घेतला. त्याचा मी तेव्हा अर्थ लावला नाही.

शनिवारी अकराला मॅडम आल्या. बुटक्या, पांढऱ्या केसांच्या, खांद्याला मोठी झोळी. त्यांनी आत येताच भिंतीवरचा सांगाडा बघितला, त्याची एक बरगडी सरळ केली आणि मग आम्हाला नमस्कार केला. टेबलावर बारा हात मांडले होते. आम्ही तिघं एका रांगेत उभे. बाईंच्या बाजूला ते खोकं. घड्याळाचं. कपाटावरून खाली काढलेलं.

“मॅडम, हा मुलगा,” बाईंनी माझ्याकडे बोट केलं. “थट्टेखोर आहे. त्या फुफ्फुसाचं तुम्ही ऐकलं असेल.”

“ते माझ्या वर्गात आहे,” मॅडम म्हणाल्या. “दोन विद्यार्थ्यांनी सिगारेट सोडली.” मग माझ्याकडे वळल्या. “तूच का?”

मला आजही कळत नाही की माझ्या तोंडातून काय येणार होतं. मी मामाकडे बघितलं. इस्त्रीच्या शर्टात तो शाळेच्या फोटोला उभा असल्यासारखा दिसत होता, उजव्या हाताची बोटं डाव्या हातात धरून. मी तोंड उघडलं आणि म्हणालो, “हो, मी—”

“याला?” मामा मोठ्याने म्हणाला. “याला कोपर रंगवता येतं? मॅडम, याला करंगळी कुठे संपते ते सांगावं लागतं. याच्या लाल धमन्या बघा, कपडे वाळत घालायच्या दोरीसारख्या. याला मी पिवळ्या डबीचं झाकणसुद्धा लावू देत नाही. एवढी चूक करायलासुद्धा हात बसलेला लागतो.”

माझ्या बाजूने आजवर कोणी इतकं वाईट बोललं नव्हतं. मामाने बाही वर केली.

“हे बघा,” तो म्हणाला. “मी इथून विचारून रंगवलं. चुकलं ते माझंच.”

मॅडमनी झोळी खाली ठेवली. व्रणावरून बोट फिरवलं आणि उंचवट्याच्या पुढे हलकेच टकटक केलं. मामाची करंगळी उडाली. मॅडमच्या चेहऱ्यावर असा आनंद पसरला, जणू हरवलेला नातेवाईक सापडला. “कोणी केलं हे? सुरेख केलंय! पत्र कुठे आहे माझं?”

बाईंनी पत्र दिलं. मॅडमनी ते मामाच्या अंगठ्याच्या आणि पहिल्या बोटाच्या मध्ये धरायला दिलं आणि ओढलं. अंगठ्याचं टोक आकड्यासारखं वाकलं, सोमवारी वाकलं होतं तसंच.

“कागद सरळ अंगठ्याने दाबून धरणारा जो स्नायू आहे ना, त्याला हीच नस हुकूम देते,” मॅडम म्हणाल्या. “तिचा आवाज बसला की अंगठा दुसऱ्या नसेकडून उसनी ताकद आणतो आणि टोकात वाकतो. माणूस लपवतो, अंगठा चहाडी करतो. येईल ताकद. नस हळू भरते, महिन्याला दोन-तीन सेंटिमीटर.” मग त्या बारा हातांकडे वळल्या. “आणि हे मी परत घेऊन जाते. ऑपरेशननंतरचा हात म्हणून असला नमुना मला कुठेच मिळाला नव्हता. फक्त त्यावर तसं लिहा. आणि बारा साधे उजवे नव्याने द्या.”

“ते ठीक आहे,” बाई म्हणाल्या, आणि त्यांचा हात घड्याळाच्या खोक्यावर गेला. “पण मॅडम, हात अधू असलेल्या माणसाला नसांवर कसं ठेवायचं? आमच्याकडे वडिलांपासून नियम आहे. मास्तरांना पण आम्ही—”

“इतरांचे बघू,” मॅडम म्हणाल्या. त्यांना चटक लागली होती. साचेवाल्याने कागद धरला, सरळ. मी धरला, सरळ. माझा जीव भांड्यात पडला. मग मॅडमनी सहज म्हणून कागद बाईंपुढे केला आणि बाईंनी सहज म्हणून धरला.

बाईंचा अंगठा वाकला.

बाईंनी अंगठ्याकडे असं बघितलं जसं त्या सोमवारी माझ्याकडे बघत होत्या. पुन्हा धरला. पुन्हा वाकला.

“करंगळीला मुंग्या येतात?” मॅडमनी विचारलं.

“फोनवर बोलून झालं की,” बाई हळूच म्हणाल्या. “मला वाटलं, लोकांच्या बोलण्याने येतात.”

“कोपर टेबलावर टेकता? हात वाकवून, तासन् तास?”

बाईंनी उजवं कोपर डाव्या हाताने झाकलं. सगळा कारखाना उत्तर देऊ शकला असता. साचेवाल्याने खोकल्याचं निमित्त केलं. मामा छताकडे बघू लागला, आणि या वेळी मीही त्याला साथ दिली.

“फोन दुसऱ्या हातात घ्या, नाहीतर हात मोकळे ठेवून बोला. कोपर टेकायचं नाही,” मॅडम झोळी उचलत म्हणाल्या. “वेळेवर कळलंय, एवढ्यावर भागेल. आता नियमाचं काय ते तुम्ही ठरवा.”

बाईंनी घड्याळाचं खोकं उघडलं, आत बघितलं आणि बंद केलं. मग साचेवाल्याला खिळा आणायला पाठवलं.

ते घड्याळ आता पिवळ्या टेबलासमोरच्या भिंतीवर आहे. चालतं. ते मामाला आधीच माहीत होतं, कारण शुक्रवारी केबिनमध्ये तो तेच बघायला गेला होता. “मला मिळणार हे मी धरूनच चाललो होतो,” तो नंतर म्हणाला. “म्हटलं, निदान चालू तरी आहे का ते विचारावं. बाईंना वाटलं, तुझ्या निरोपासाठी विचारतोय.” घरी न्यायचं तर इस्त्रीचा शर्ट हवा, एवढंच मामीचं म्हणणं होतं.

दर वीस मिनिटांनी बाई केबिनमधून घड्याळाकडे बघतात आणि ओरडतात, “कोपरं!” सगळे कोपरं उचलतात. बाईही उचलतात. पत्र दारामागे चिमट्याला लावलंय, आणि दर सोमवारी कागद धरायची हजेरी होते. बाई स्वतः शेवटी धरतात, तोंड भिंतीकडे करून.

मामा डावे हात रंगवतो आणि ऑपरेशनवाले उजवे. साधे उजवे माझ्याकडे आले. पहिल्या दिवशी मी हात वाकवला, टकटक केलं, करंगळीत मुंग्या आल्या. मागे. तरी माझा विश्वास बसला नाही. मी डाव्या हाताला विचारलं. मग जाऊन साचेवाल्याचं कोपर टकटकवलं. तो किंचाळला आणि करंगळी झटकत अर्ध्या कारखान्याभर माझ्यामागे धावला. त्याची पण मागे होती.

मी बसलो, ब्रश पिवळ्यात बुडवला आणि नसेची पहिली रेघ ओढायला वाकलो. मामाने मान वर केली नव्हती. तो आपल्या डाव्या हातात गुंतला होता.

“कोपर,” तो म्हणाला.